खाडा कोणी भरायचा? कामावरच्या माणसाच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत पंधरा वर्षं लेथ चालवलेल्या माणसाला सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी मशीन, शिकायची झाली, तर त्याचा पहिला सवाल फीचा नसतो, खाड्याचा असतो. पंधरा दिवस वर्गात बसायचं, मग तेवढी मजुरी कोण देणार? सरकारी कौशल्य योजनांचा इतिहास या बाजूने वाचला तर बराच उलगडतो.

आमच्याकडे कामावरच्या माणसाला आधार देणारं पहिलं सरकार म्हणजे संस्थानिक. मिरजेचे शिकलगार हत्यारांना धार लावायचे. इंग्रजी अंमलात हत्यारांची मागणी आटली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं हाती घेतली. लोखंडावर चालणारा हात सतारीसाठी लागणाऱ्या पंढरपूरकडच्या भोपळ्यावर बसवायचा, हे काही आठवड्याभराचं काम नव्हे. पण मिरजेत गाणं होतं, दरबाराचा आश्रय होता, म्हणून ते निभलं. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना उभारला. लक्ष्मणराव स्वतः पूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत. त्यांच्या कारखान्यात मात्र वर्ग नव्हता, शॉप होतं, म्हणजे मशीनची शेड. ओतकाम, टर्निंग, फिटिंग, सगळं मिस्त्रीच्या हाताखाली. शिकताना खाडा पडत नसे, कारण शिकणं आणि काम वेगळं नव्हतंच.

स्वातंत्र्यानंतर ही दोन्ही वेगळी झाली. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआय. 1961 मध्ये अप्रेंटिस कायदा झाला. दोन्ही गरजेच्या होत्या, पण दोन्हींची नजर गेटबाहेर उभ्या असलेल्या पोरावर. आत मशीनवर उभा असलेला माणूस शिकून झालेला, असंच सरकारने धरलं. 1958 मध्ये नागपूरला मुख्यालय असलेलं कामगार शिक्षण मंडळ निघालं, मात्र तिथे भर होता तो संघटना, हक्क आणि जबाबदाऱ्यांवर.

कामावर असलेल्यांसाठी खास म्हणावी अशी केंद्राची योजना 1977 ची. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या मदतीने प्रगत व्यवसाय प्रशिक्षण सुरू झालं. कारखान्याने आपला माणूस पाठवायचा, त्याने थोड्या मुदतीचा अभ्यासक्रम करून परत मशीनवर यायचं. कल्पना चांगली होती. पण चार-पाच माणसांच्या शॉपमधून एक जण सोडायचा म्हणजे एक मशीन बंद ठेवायचं. मालक पाठवेल तर शिक्षण, हे गणित मोठ्या कारखान्यांनाच परवडण्यासारखं होतं. नोकरी न सोडता शिकायची दुसरी वाट 1989 मध्ये उघडली ती नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतरावांचं नाव त्याला दिलं गेलं. तिथे पदवी मिळते, पण हातात मायक्रोमीटर येतोच असं नाही.

2007 मध्ये केंद्राने छोट्या छोट्या भागांत विभागलेले अभ्यासक्रम आणले आणि त्यातच एक महत्त्वाची सोय केली: जो माणूस कामातूनच शिकला आहे त्याने वर्गात न बसता थेट चाचणी द्यावी आणि प्रमाणपत्र घ्यावं. 2013 मध्ये कौशल्यांची राष्ट्रीय पात्रता चौकट, म्हणजे कोणतं कौशल्य कोणत्या पातळीचं हे सांगणारी रचना, ठरली. 2015 पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही कल्पना ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ या नावाने पुढे गेली. थोडी तोंडओळख, मग चाचणी आणि पास होणाऱ्याला 500 रुपये. ते पैसे बुडालेल्या मजुरीपोटी होते. माझ्या मते पाचशेचा आकडा किरकोळ असला तरी खाडा पडतो हे सरकारी कागदावर उमटलं, ही नवी गोष्ट होती. अर्थात प्रमाणपत्राने जुनं कौशल्य नोंदलं जातं. नवीन मशीन त्याने येत नाही.

मालकाला उत्तेजन द्यायचाही एक प्रयत्न झाला. 2012 च्या अर्थसंकल्पात कारखानदार कंपन्यांना कौशल्य विकासाच्या खर्चावर प्राप्तिकरात दीडपट वजावट मिळाली. नियम निघाले तेव्हा त्यात मेख होती. नोकरीवर घेऊन सहा महिने उलटल्यावर ज्याचं प्रशिक्षण सुरू होईल त्याच्यावरचा खर्च यात धरायचा नाही. म्हणजे पंधरा वर्षांचा लेथवाला पुन्हा बाहेरच.

17 सप्टेंबर 2023 ला आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत खाड्याचा हिशेब दिवसावर मांडला गेला. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, हवं तर पुढे पंधरा दिवसांचं प्रगत, आणि रोजचे 500 रुपये विद्यावेतन. शिवाय अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, पाच टक्के व्याजाने. हे सगळं हाताने आणि अवजारांनी स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. पगारी कामगार त्यात बसत नाही.

यादीत 18 व्यवसाय आहेत. सोनार आहेत, त्यामुळे विटा-आटपाडीकडच्या सोनाराला दार उघडं आहे. मिरजेच्या सतारमेकरांना मात्र यादीत आपला धंदा सापडत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी वाद्यकारागीर त्या अठरांत नाहीत. त्यात शस्त्रकार आहेत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी या सतारमेकरांच्या पणजोबांनी सोडलेल्या धंद्याच्या आसपासचेच.