'आर'मध्ये एरर आला? फोटो नको, फाइल पाठवा

संशोधनाच्या आकडेवारीसाठी आमच्याकडे मदत मागायला येणारे बहुतेक जण कृषी पदव्युत्तर आणि पीएच.डी.चे विद्यार्थी, काही प्राध्यापक. 'आर' (आकडेवारीच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर) उघडता येते, डेटा वाचून घेता येतो, असे धरूनच हे लिहिले आहे.

रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर लॅपटॉपच्या स्क्रीनचा तिरपा फोटो येतो. खाली एक ओळ : "सर, एरर येऊन राहिला, लवकर सांगा." फोटोत लाल अक्षरांची शेवटची ओळ तेवढी दिसते, चूक बहुधा त्याच्या बरीच वर असते. कोड मागितला तर कोडचाही फोटो येतो. डेटा मागेपर्यंत दोन दिवस जातात, आणि खोट बहुतेक वेळा डेटातच निघते.

उदाहरण घ्या. कपाशीचा प्रयोग, रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, ८ ट्रीटमेंट, ३ रेप्लिकेशन (म्हणजे प्रत्येक ट्रीटमेंट ३ वेळा). एक्सेलच्या रकान्यात ट्रीटमेंट १ ते ८ आणि रेप्लिकेशन १ ते ३ अशी नुसत्या आकड्यांत लिहिलेली. 'आर' त्यांना मोजमाप समजते. अनोव्हात (ट्रीटमेंटमधला फरक तपासण्याच्या तक्त्यात) ट्रीटमेंटची डिग्री ऑफ फ्रीडम (गटांच्या संख्येपेक्षा एक कमी) ७ यायला हवी तिथे १ येते, रेप्लिकेशनची २ ऐवजी १, एररची १४ ऐवजी २१. लाल अक्षर एकही नाही, तक्ता अगदी देखणा! तो तसाच प्रबंधात जातो आणि व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात. दोन्ही रकाने आधी फॅक्टर (म्हणजे मोजमाप नव्हे, गटांची नावे) करून घेतले की झाले. 'टी१, टी२' असे लिहिले असते तरी भागले असते.

दुसरी नेहमीची भानगड म्हणजे रानडुकरांनी नासवलेला प्लॉट. उत्पादनाच्या रकान्यात तिथे डॅश टाकला की 'आर' सगळा रकानाच मजकूर म्हणून वाचते. तो सेल रिकामा ठेवा. शून्य मात्र लिहू नका, शून्य म्हणजे पीक पिकले आणि हाती काही आले नाही.

म्हणून पाठवायचे ते असे : कोडची मूळ फाइल, एररचा पूर्ण मजकूर कॉपी करून, आणि डेटाची सीएसव्ही (एक्सेलमधून सेव्ह होणारी साधी मजकूर फाइल). पहिल्या सहा ओळींवर भागवू नका, तो डॅश एकोणिसाव्या ओळीत बसलेला असतो. सोबत 'सेशनइन्फो'चे आउटपुट जोडा, त्यात 'आर'ची आणि पॅकेजची आवृत्ती कळते. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.०.० पासून 'आर' फाइल वाचताना मजकुराचे रकाने आपोआप फॅक्टर करत नाही, त्यामुळे सीनियरचा जुना कोड तुमच्याकडे अडू शकतो. सर्व्हेचा डेटा असेल तर शेतकऱ्यांची नावे व मोबाईल नंबर काढून टाका. प्रयोगाचे डिझाइन दोन ओळींत लिहा.

काही जण म्हणतात, तुम्ही फार कागदपत्रे मागता. इंटरनेटवर फुकट मदत करणारेही हेच मागतात. आम्ही ते मराठीत समजावतो, आणि गाइडनी विचारले तर काय सांगायचे तेही.

'एलएमई४'मध्ये ('आर'चे मिक्स्ड मॉडेलचे पॅकेज) 'सिंग्युलर फिट' दिसले तर घाबरू नका, तो एरर नाही. बहुधा एखाद्या रँडम इफेक्टचा (उदा. रेप्लिकेशनचा) व्हेरियन्स शून्यावर आलेला असतो. ३ रेप्लिकेशनमध्ये हे बरेचदा होते. मॉडेल साधे करायचे की तसेच ठेवायचे, ते डिझाइन पाहून सांगू. निकाल 'सिग्निफिकंट' दिसावा म्हणून पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आणून देण्याचे काम मात्र आम्ही घेत नाही, कितीही पैसे द्या.

वरचे सगळे एकदम आले तर पहिली तपासणी मोफत. पुढच्या कामाचा दर आधी सांगतो. प्रबंध जमा करायच्या दिवसांत गर्दी असते, महिनाभर आधी या. लॅपटॉप घेऊन येणार असाल तर घरूनच चार्ज करून आणा, आमच्याकडे दुपारी लाइन जाते.