सुटसुटीत फुल-फ्रेम कॅमेऱ्यांची पारख

३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) लहान, हलक्या बॉडीत बसवलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला सुटसुटीत किंवा कॉम्पॅक्ट फुल-फ्रेम कॅमेरा म्हणतात. सेन्सरचे हे माप ३५ मिमी रुंदीच्या चित्रपट-फितीतून आले. जर्मनीतील ऑस्कर बार्नाक यांनी ही फीत उभी न चालवता आडवी चालवून चित्रपटाच्या चौकटीच्या दुप्पट क्षेत्र मिळवले आणि १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी आपले मूकपट याच रुंदीच्या फितीवर चित्रित केले होते, हा नाशिककरांना जवळचा वाटणारा योगायोग आहे.

या वर्गात दोन प्रकार मोडतात. पहिल्यात लेन्स कायमची जोडलेली असते : सोनीचा आरएक्स१ (२०१२) आणि लायकाची क्यू मालिका (२०१५ पासून) ही त्याची उदाहरणे होत. दुसऱ्यात लेन्स बदलता येते. सिग्मा एफपी (२०१९), कॅनन ईओएस आरपी (२०१९), सोनी ए७सी (२०२०), कॅनन आर८ (२०२३) आणि पॅनासॉनिक एस९ (२०२४) हे कॅमेरे त्यात येतात.

पारख करताना सर्वाधिक फसगत वजनाच्या आकड्याने होते, कारण उत्पादक बहुधा फक्त बॉडीचे वजन ठळकपणे सांगतात. बॅटरी व कार्डासह ए७सी ५०९ ग्रॅमचा आहे. त्याला ४० मिमी एफ/२.५ ची (एफ-क्रमांक जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि प्रकाश अधिक) १७३ ग्रॅमची लेन्स लावल्यास तो खांद्यावर दिवसभर वागवता येतो, परंतु २४-७० मिमी एफ/२.८ वर्गातील सोनीचीच ६९५ ग्रॅमची झूम लेन्स लावताच भार १,२०० ग्रॅमच्या वर जातो आणि लहान पकडीमुळे सगळा तोल पुढे झुकतो. उलट, २०२५ चा आरएक्स१आर मार्क ३ लेन्ससह ४९८ ग्रॅमचा आहे, तर आर८ लेन्सशिवायच ४६१ ग्रॅमचा. म्हणून तुलना नेहमी जोडीची करावी. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे पक्षी टिपू इच्छिणाऱ्याला तर या वर्गाचा फारसा लाभ नाही : २००-६०० मिमीची लेन्स दोन किलोंहून जड असते आणि बॉडीतून वाचलेले दीडदोनशे ग्रॅम तिथे जाणवतही नाहीत.

मोठ्या सेन्सरचा खरा फायदा अंधुक प्रकाशात दिसतो. एपीएस-सी या सुमारे २३.५ × १५.६ मिमीच्या लहान सेन्सरच्या तुलनेत फुल-फ्रेमचे क्षेत्रफळ २.३५ पट भरते. त्यामुळे तोच एफ-क्रमांक व शटर उघडे राहण्याचा तोच वेळ ठेवल्यास साधारण सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) अधिक प्रकाश जमा होतो. मात्र लहान सेन्सरवर एफ/१.४ ची लेन्स आणि फुल-फ्रेमवर एफ/२.८ ची लावली, तर हा फायदा संपतो, आणि सुटसुटीतपणाच्या हव्यासापायी नेमके असेच घडते.

नाशिकमध्ये ही चाचणी घेण्यास रामकुंडावरील सायंकाळची आरती उत्तम. ज्योती प्रखर, भोवताल काळा आणि हात हलते. तिथे आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता, ६४०० वर ठेवल्यास त्वचेचा रंग टिकतो का, हे दुकानातल्या उजेडापेक्षा लवकर कळते. बॉडीतील स्टॅबिलायझेशन छायाचित्रकाराच्या हाताचा कंप शोषते, पुजाऱ्याच्या हाताची हालचाल नव्हे. म्हणून आर८ मध्ये ते नसणे येथे तितकेसे बाधत नाही. पांडवलेणीच्या गाभ्यात, जिथे वस्तू स्थिर आणि प्रकाश तुटपुंजा असतो, तिथे मात्र ती उणीव स्पष्ट भासते. लेण्याच्या आतून दाराकडे रोखलेली एक रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली) फ्रेम सावल्या उजळून पाहिली की सेन्सरची डायनॅमिक रेंजही, म्हणजे गडद व उजळ भागांतले तपशील एकाच वेळी टिपण्याची क्षमता, ध्यानात येते.

आकार आटवताना काय काढून टाकले, हे तपासणे तितकेच आवश्यक आहे. एस९ आणि एफपी यांत ना अंगभूत व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहण्याची खिडकी) आहे ना यांत्रिक शटर (प्रकाश अडवणारी हलती झडप). दुपारच्या उन्हात घाटावर मागचा पडदा धड दिसत नाही आणि काही एलईडी दिव्यांखाली सेन्सर ओळीओळीने वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने चित्रावर पट्टे उमटतात. ए७सी, आर८ व आरपी यांत कार्डाची खाच एकच असल्याने, म्हणजे कार्ड बिघडल्यास दुसरी प्रत उरत नसल्याने, लग्नाची कामे घेणाऱ्याने त्यांच्यावर विसंबू नये; हौशी माणसाला ती अडचण क्वचितच जाणवते.

जुना कॅमेरा घेताना एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून धुळीचे ठिपके पाहावेत. जोडलेल्या लेन्सच्या कॅमेऱ्यात ही पाहणी टाळू नये, कारण त्यातील सेन्सर घरी पुसता येत नाही. तो सेवा केंद्रातच उघडावा लागतो.