स्वराज ७२४ : देशी ट्रॅक्टरची पार्श्वभूमी

१९६५ आणि १९६६ ही वर्षे देशाला जड गेली. पावसाने ओळीने दोनदा दगा दिला, मध्येच पाकिस्तानशी युद्ध झाले आणि १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. ट्रॅक्टरच्या बाबतीतही परावलंबन होतेच. एस्कॉर्ट्स, टॅफे, मुंबईची इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी असे कारखाने उभे राहत होते, पण आराखडे परदेशी.

त्याच काळात दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, मनमोहन सुरी संचालक असताना, लहान शेतकऱ्याला पेलेल असा २० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आखला. केंद्राने मात्र एचएमटी या सरकारी कंपनीसाठी चेकोस्लोव्हाकियाचा झेटर ट्रॅक्टर पसंत केला. घरचे सोडून बाहेरचे घेण्याची ही खोड तेव्हाही होती. पंजाब सरकारने हात दिला म्हणून देशी आराखडा वाचला. १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स स्थापन झाली आणि १९७४ मध्ये मोहालीतून स्वराज ७२४ बाजारात आला. स्वराजला इंजिने पुरवली ती पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने. पुढे २००७ मध्ये कंपनी महिंद्राकडे गेली.

जुना ७२४ टिकतो तो नावामुळे नव्हे. दोनच सिलिंडर, इलेक्ट्रॉनिक काही नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर हात बसलेला मिस्त्री तो बांधावरच उघडतो. टाकी कोरडी पडून डिझेलच्या नळ्यांत हवा धरली, तर डिझेल भरून कॉक उघडायचा, फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हातपंप मारायचा. तो स्क्रू आवळून मग इंजेक्शन पंपावरचा सोडायचा. तरीही सुरू झाला नाही, तर इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपांचे नट अर्धा आटा ढिले करून स्टार्टर मारायचा. डिझेल उसळले की आवळायचे. इथे नट दोनच. पंपातल्या डिझेलच्या दाबाने कातडी फाटते, त्यामुळे पाइपाच्या तोंडाशी बोट नेऊ नये.

इंजिनाचा खरा वैरी धूळ. ऑइल बाथ एअर क्लीनरच्या (हवेतली धूळ ऑइलमध्ये धरणाऱ्या गाळणीच्या) वाटीत ऑइल खुणेपर्यंतच हवे. कमी असेल तर धूळ आत जाऊन पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचे आतले नळकांडे) घासतात. जास्त असेल तर ऑइलच इंजिनात ओढले जाते. मळणीच्या दिवसांत वाटी रोज उघडून पाहावी, तळाशी चिखल साचला असेल तर रॉकेलने धुवून नवे ऑइल घालावे. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर आणि सायलेन्सरमधून निळसर धूर एकदमच दिसला, तर बहुधा लायनर-पिस्टनचा खर्च आलाच.

मागची अवजारे उचलणाऱ्या लिफ्टची परीक्षा सोपी. नांगर उचलून इंजिन बंद करावे. तो भराभर खाली बसला, तर सिलिंडरचा सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतो. उचलायलाच कुरकुर करत असेल, तर आधी ऑइलची पातळी आणि गाळणी पाहावी. पंपाला हात नंतर लावावा.

जुना घेताना चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहावेत. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. इंजिन बदललेले असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर नावावर करून घेताना आरटीओत गाडी अडते.