लांब पल्ल्याचा अल्ट्रासोनिक ट्रान्समीटर

माणसाच्या कानाला ऐकू येत नाही असा, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज हवेत सोडणारं सर्किट म्हणजे अल्ट्रासोनिक ट्रान्समीटर. बाजारात मिळणारे पिझो ट्रान्सड्यूसर (वीज दिली की थरथरून आवाज काढणाऱ्या चकतीची छोटी डबी) बहुतेक ४० किलोहर्ट्झचे. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारं, दोन डोळ्यांचं ते एचसी-एसआर०४ मॉड्यूल कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांनीच वापरलेलं असतं, पण त्याची मजल ४ मीटर, आणि मराठवाड्यात आठ परस (परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी खोली) विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये १२-१३ मीटर खाली गेलेलं असतं, मग तिथं ते काय कामाचं.

पल्ला वाढवायचा म्हटलं की पोरं आधी व्होल्टेज वाढवतात. ५५५ टायमरच्या (ठराविक फ्रिक्वेन्सीचे ठोके देणाऱ्या चिपच्या) पुढं सिग्नल उलटा करणारे इन्व्हर्टर गेट उलट-सुलट फेजमध्ये जोडले की ९ व्होल्टवर ट्रान्सड्यूसरला १८ व्होल्ट पीक-टू-पीक मिळतात, त्याहून जास्त पाहिजे तर मॉस्फेट (वेगानं चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) आणि छोटा फेराइट ट्रान्सफॉर्मर. पण साध्या १६ मिमीच्या डबीला २० व्होल्ट आरएमएसच्या (एसीच्या परिणामी व्होल्टेजच्या) आसपास मर्यादा असते, पुढं गेलात की चकती गेली. आणि हिशोब बघा: व्होल्टेज दुप्पट केल्यावर मिळतात ६ डेसिबल, आणि ४० किलोहर्ट्झचा आवाज हवा ढोबळमानानं मीटरमागं १.३ डेसिबल गिळते, जाताना तेवढे आणि येतानाही तेवढेच. म्हणजे फार तर दोन-सव्वादोन मीटर पल्ला वाढला, तोही आवाज पसरून जो पातळ होतो ते न धरता. त्यापेक्षा २५ किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर घ्यावा, तिथं हवेची ही खादाडी जवळपास निम्मी होते.

दुसरी गोष्ट रेझोनन्स, म्हणजे ट्रान्सड्यूसर ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जोरात घुमतो ती. ट्रान्सड्यूसरची बँडविड्थ (तो नीट चालतो तेवढा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) जेमतेम २ किलोहर्ट्झ, आणि ५५५ ला साधा सिरॅमिक कपॅसिटर लावला की सकाळी जुळवलेली फ्रिक्वेन्सी दुपारच्या ४२ डिग्रीत सरकते, मग सर्किट चालू दिसतं पण आवाज निघत नाही. क्रिस्टलवाला (फ्रिक्वेन्सी पक्की धरणारा) मायक्रोकंट्रोलर लावून मोकळं व्हावं. ट्रान्सड्यूसर स्वतः २४०० पिकोफॅरडच्या कपॅसिटरसारखा वागतो, त्याला समांतर ६.६ मिलिहेन्रीची कॉइल जोडली की ४० किलोहर्ट्झला ते ओझं ड्रायव्हरवर येत नाही.

भोंगा मात्र लावाच. उघडा ट्रान्सड्यूसर आवाज रुंद पसरवतो, विहिरीत तो आधी कडेच्या दगडांवरून, पाइपावरून परत येतो आणि पाणी वर आल्यासारखं वाटतं. भोंग्यानं झोत अरुंद होतो, शक्तीही फुकट मिळते. मात्र पल्स (एका वेळी सोडलेला आवाजाचा झटका) लांबवला की डबी जास्त वेळ घुमत राहते, तेवढं जवळचं अंतर आंधळं, विहिरीत ते चालून जातं.

हवा तापली की आवाज पळतो, २५ डिग्रीला सेकंदाला ३४६ मीटर, ४२ ला ३५६. १० मीटरला ३० सेंटीमीटरची चूक सहज होते, आणि विहिरीत वर भट्टी खाली गारवा, म्हणून तापमानाचा सेन्सर काठावर नाही, दोरीनं अर्ध्यात सोडावा.