फियाट-पद्मिनीच्या पुढच्या सीट: भरून घ्यायच्या की बदलायच्या

गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हे सगळं आम्ही तोंडी सांगतच असतो, पण घरी गेल्यावर निम्मं विसरायला होतं आणि मग रात्री फोन येतो की ते ब्रॅकेटचं काय म्हणालात, म्हणून एकदा लिहूनच काढलंय. हा कागद प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट ११०० वाल्यांसाठी आहे, कारण आमच्याकडे जास्त काम त्याच गाड्यांचं येतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणायला लागले, त्याआधी तीच फियाट डिलाइट आणि मग प्रेसिडेंट. जिला सगळे डुक्कर फियाट म्हणतात ती त्याहून जुनी, तिची पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला, त्यामुळे तिच्या सीटचं काम जरा वेगळं असतं. ती गाडी असेल तर आधी एकदा दाखवायला आणा, मग बोलू.

बहुतेक जण येतात ते "बकेट सीट बसवून द्या" असं म्हणतच येतात, म्हणजे मूळ अख्खी बेंच सीट काढून पुढच्या दोघांना दोन वेगळ्या सीट. का बसवायच्यात विचारलं की उत्तर येतं, कंबर दुखते, बसलं की खाली जातं, बायकोला पुढचं दिसत नाही. आता यातली पहिली दोन दुखणी सीटच्या प्रकाराची नाहीत, सीट मेल्याची आहेत. पन्नास वर्षांची स्प्रिंग आणि तिच्यावरचा काथ्या, तो किती दिवस टिकणार. घरीच बघा, टॉर्च घेऊन सीटच्या खाली वाका, कार्पेटवर तपकिरी भुसा पडलेला दिसला तर तो काथ्याचा आहे, आणि गोणपाट फाटून स्प्रिंग खाली लोंबत असेल तर तुम्ही इतके दिवस नुसत्या लोखंडी फ्रेमवरच बसत होतात. अशा वेळी फ्रेम चांगली असेल तर आमचा सल्ला एकच, मूळ सीट भरून घ्या. नव्या स्प्रिंगा, नवं गोणपाट, वर फोम, वर रेग्झिन, आणि तीच गाडी परत बसण्यासारखी होते. आम्हाला बकेट सीटच्या कामात पैसे जास्त मिळतात तरी हे सांगतोय, कारण एकदा बेंच सीट काढून भंगारात गेली की परत मिळत नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी होत्या तोवर फ्रेम मिळायच्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि आता चांगली फ्रेम शोधायला आम्हालाच महिनोनमहिने लागतात.

तिसरं दुखणं मात्र खरं आहे. बेंच एकच अख्खी सीट, पुढे-मागे सरकते ती सगळी एकदम. चालवणारी पाच फूट आणि शेजारचा सहा फूट असेल तर एकाचे तरी पाय अडचणीत येणारच. यावर लगेच बकेटकडे पळू नका. ड्रायव्हरच्या बाजूच्या पाठीला आतून दोन-तीन इंच जास्तीचा फोम भरून ती बाजू पुढे आणता येते, बसायच्या बाजूला थोडी उंची देता येते, आणि वरून एकच रेग्झिन असल्यामुळे बघणाऱ्याला कळतही नाही. एक ताई वडिलांची गाडी चालवतात, त्यांना असंच करून दिलंय, आधी पाठीमागे उशी लावून चालवायच्या आणि ब्रेक मारला की उशी सरकायची, ते बंद झालं.

आता ज्यांना खरंच बदलायच्यात त्यांच्यासाठी

रोज गाडी वापरता, हायवेला नेता, मानेचा त्रास आहे, तर बकेट सीटचं कारण पक्कं आहे, कारण मूळ बेंचला हेडरेस्टच नाही. मागून कोणी ठोकलं तर मान मागे जाते आणि तिला अडवायला काहीच नसतं. आणि शेवटच्या काळातल्या काही पद्मिनींना कंपनीतूनच फ्लोअर गिअर (दांडी जमिनीवर) आणि वेगवेगळ्या सीट आल्या होत्या, त्यामुळे या गाडीत बकेट सीट म्हणजे काही परकं सामान नाही. तशी मूळ जोडी कुठे मिळाली तर डोळे झाकून घ्या, नाही, डोळे उघडे ठेवूनच घ्या पण घ्या.

नाही मिळाली तर मग दुसऱ्या छोट्या गाडीच्या सीट. इथे सगळे एकच चूक करतात, सीट दिसायला कशी आहे ते बघतात आणि तिची उंची बघतच नाहीत. आमच्या मते सगळा खेळ उंचीचा आहे. तुमचं बूड जमिनीच्या पत्र्यापासून किती वर बसतं यावर डोकं छताला लागणार की नाही, मांडी स्टिअरिंगला घासणार की नाही, आरसा कुठे दिसणार, क्लच पूर्ण दाबला जाणार की नाही, हे सगळं ठरतं. पद्मिनीचं स्टिअरिंग आजच्या गाड्यांपेक्षा मोठं आहे आणि त्याच्या खाली मांडीला जागा कमी. नव्या गाडीची सीट जाड फोमची, तिच्या खाली तिची रेल (सीट जिच्यावर पुढे-मागे सरकते ती पट्टी), रेलखाली आपले ब्रॅकेट, म्हणजे सीट पत्र्याला कसायचे लोखंडी पाय, असं करत करत माणूस सहज दोन इंच वर जातो, आणि दोन इंच इथे फार होतात.

म्हणून मोजमाप असं घ्या. रिकामी सीट मोजू नका, माणूस बसल्यावर फोम दबतो आणि किती दबतो ते प्रत्येक सीटचं वेगळं. जो गाडी चालवणार त्यालाच बसवा. टाळू आणि छत यात निदान चार बोटं राहिली पाहिजेत. क्लच तळापर्यंत दाबून बघा, परत सोडा, पाय वर येताना मांडी स्टिअरिंगला लागता कामा नये. हँड गिअरची, म्हणजे स्टिअरिंगपाशी दांडी असलेली गाडी असेल तर सगळे गिअर टाकून बघा, दांडी खाली येते तेव्हा गुडघ्यावर आपटते का बघा. हँडब्रेक पूर्ण ओढा. दार बंद करा, कारण दार उघडं असताना सगळं बसतं आणि बंद केलं की सीटची कड काच फिरवायच्या हँडलला लागते, हे आम्ही इतक्यांदा बघितलंय. गाडीची बाहेरून रुंदीच दीड मीटरच्या आत आहे, त्यातून दारांची जाडी गेली की आत दोन गुबगुबीत सीट शेजारी शेजारी मावत नाहीत, म्हणून कडेला मोठे फुगवटे असलेली स्पोर्टी टाइपची सीट या गाडीत आम्ही बसवत नाही.

आमच्याकडे याची सोपी पद्धत आहे. बेंच काढतो, जी सीट बसवायचीय ती प्लायवुडच्या अर्ध्या-अर्ध्या इंची ठोकळ्यांवर नुसती ठेवतो आणि तुम्हाला अर्धा तास आत बसवतो. ठोकळा काढा, ठोकळा घाला, पुढे घ्या, मागे घ्या, जे जुळेल त्याच्यावर खडूने खूण करून मग ब्रॅकेट बनवायला घेतो. याला घाई करू नका, आणि बूट घालूनच या, चपलेवर क्लचचा अंदाज वेगळा येतो.

खालचा पत्रा

हे कोणी विचारत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. पद्मिनी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे इंजिनपासून मागे जाणारा शाफ्ट गाडीच्या मधोमध खालून जातो आणि त्याच्यासाठी पत्र्याला मध्ये उंचवटा आहे. बेंच त्याच्यावरून आरामात जाते. बकेट सीट लावली की तिची आतली रेल नेमकी त्या उंचवट्याच्या उतारावर येते आणि बाहेरची सपाट पत्र्यावर. मग चारही पाय सारख्या उंचीचे करून चालत नाही, आतल्या बाजूचे ब्रॅकेट बुटके आणि उताराला तासलेले लागतात. हे न करता नुसत्या वायसरांची थप्पी लावून सीट कसलेल्या गाड्या आमच्याकडे आल्यात, बसलं की माणूस दाराकडे कलतो आणि वर्षभरात रेल वाकडी होऊन सीट पुढे-मागे सरकायची बंद होते.

कार्पेट आणि खालचं डांबरी थर उचलून पत्रा बघायचा, स्क्रूड्रायव्हरने टोचायचा. आत गेला तर आधी डेंटरकडे, मग आमच्याकडे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्यांचा पत्रा वरून छान दिसतो आणि खालून पापड झालेला असतो, चार पावसाळे उभी राहिलेली गाडी तर हमखास. भोक पाडायच्या आधी गाडीखाली वाकून ब्रेकची, पेट्रोलची नळी किंवा वायर कुठून जाते ते बघायलाच हवं. प्रत्येक बोल्टखाली पत्र्याच्या खालच्या बाजूने तीन एमएमची तळहाताएवढी प्लेट देतो म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते. बोल्ट हाय टेन्साइल, डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं, नसेल तर घेऊ नका, हार्डवेअरच्या दुकानातला साधा गेट-ग्रिलचा बोल्ट सीटला नाही. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची वायर काढून आणि आतलं सगळं कार्पेट बाहेर काढूनच.

सीट बेल्टचंही इथेच सांगतो. नव्या गाड्यांत बेल्टचं कुलूप बऱ्याचदा सीटच्याच फ्रेमला असतं, म्हणजे धडक बसली की माणसाचं सगळं वजन सीटच्या रेलवर आणि तिथून पत्र्यावर येतं. ते त्या गाडीच्या पत्र्याला झेपतं, आपल्या गाडीच्या पत्र्याला तसं बनवलेलंच नाही. म्हणून आम्ही ते कुलूप सीटवर ठेवत नाही, वेगळी प्लेट देऊन बॉडीला घेतो. आपल्याकडे पुढच्या सीटला बेल्ट देणं कंपन्यांना १९९४ पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या गाडीला बेल्ट नसेल तर सीटचं काम चालू असतानाच बसवून घ्या, एकदाच सगळं उघडतं. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल शिवलेलं असेल किंवा खाली पिवळा कनेक्टर लोंबत असेल तर ती सीट घेऊन येऊ नका, आत स्फोटक असतं आणि त्याच्याशी कापाकापी आम्ही करत नाही.

जुन्या बाजारातून सीट घेताना

जोडी एकाच गाडीची घ्या. सपाट फरशीवर ठेवा, डुगडुगली तर फ्रेम वाकलीय, म्हणजे ती गाडी ठोकलेली होती. रेलच्या खाचेत बोट फिरवा, बारीक गाळ लागला तर पुरात बुडालेल्या गाडीची आहे, २६ जुलै २००५ नंतर अशा सीटांचा ढीग आला होता आणि अजूनही दर पुरानंतर येतो. वास धुतल्याने जातो, रेलमधला गंज जात नाही. रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे-पुढे कलवायचा खटका, दोन्ही बाजूंनी लॉक होतो का बघा, एकाच बाजूने होत असेल तर पाठ पिळते. कव्हर फाटलेलं असलं तर असू दे, ते आपण बदलणारच आहोत.

फोम आणि कव्हर

फोमचं थोडक्यात. बसायला ४० डेन्सिटी (म्हणजे घनता, आकडा जास्त तेवढा फोम दाट), पाठीला ३२ पुरते. कडेला आणि खालच्या थराला रिबाँडेड, म्हणजे तो रंगीबेरंगी तुकड्यांचा कडक फोम, पण सगळी सीट त्याची करू नका, बाकड्यावर बसल्यासारखं होतं. हाताने दाबून मऊ लागला म्हणून २३ चा स्वस्त फोम लावून घेतलेले लोक वर्षभरात परत येतात.

कव्हरला रेग्झिनच या गाडीला शोभतं, पाइपिंगसकट, उभ्या पट्ट्यांचं, जसं मूळ होतं तसं. उन्हाळ्यात पाठीला चिकटतं हे खरं, तर बसायच्या मधल्या भागाला जाड विणीचं कापड आणि कडेने रेग्झिन असं करता येतं, दिसायलाही वाईट नाही. दमट हवेत राहणाऱ्यांनी काथ्या परत भरून घेऊ नये, ओल धरतो आणि फ्रेम खालून खातो. कुठलंही मटेरियल घ्या, आयएस १५०६१ पास आहे का ते विचारा, गाडीच्या आतलं सामान किती वेगाने पेटतं त्याचं ते मानक आहे. आम्ही आमच्या मटेरियलच्या रोलवरचं लेबल दाखवतो.

कागदपत्रं

सीट बदलल्याने आरसीवरचा आसनसंख्येचा आकडा बदलता कामा नये, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, म्हणून येताना आरसी आणा, आम्ही आकडा बघूनच काम घेतो. आणि एक, जे लोक विसरतात. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए मालिकेतला नंबर मिळतो. सुरुवातीच्या पद्मिनी आता नेमक्या पन्नाशी ओलांडतायत. ज्याच्या मनात हे असेल त्याने बॉडीला एकही नवीन भोक पाडू नये, बेंच भरून घ्यावी आणि तशीच ठेवावी. असं गिऱ्हाईक आलं तर बकेटचं काम आम्ही हात जोडून नको म्हणतो.

बेंच भरायला साधारण आठवडा लागतो, बकेट बसवायला दोन, पत्र्याचं काम निघालं तर ते वेगळं. भाव फोनवर सांगत नाही कारण सीट उघडल्याशिवाय आत काय आहे ते आम्हालाही दिसत नाही, उघडल्यावर तुमच्यासमोर सांगतो आणि मग वाढवत नाही. काढलेली मूळ सीट, रेल, बोल्ट, जुन्या रेग्झिनचा एक तुकडा, सगळं गोणीत बांधून तुमच्या डिकीत देतो. माळ्यावर कोरड्या जागी ठेवा, फ्रेमला तेलाचं फडकं फिरवून.