ऐवजदार: नेमका कोणाच्या ऐवजी?

नागपूर महापालिकेतल्या सफाई कामगारांच्या युनियनचा इतिहास एका शब्दाभोवती फिरतो: ऐवजदार. महागाई भत्ता, वेतन आयोगाची थकबाकी या मागण्या कुठल्याही महापालिकेत ऐकू येतात. ऐवजदाराचं भांडण मात्र खास इथलं.

  

कायम कामगार रजेवर गेला, आजारी पडला, की त्याच्या ऐवजी झाडू हातात घेतो तो ऐवजदार. एम्प्रेस मिल या कापडगिरणीच्या गावाला ही पद्धत नवी नव्हती. गिरणीत त्यालाच बदली म्हणत. पण इथे वस्त्या वाढल्या आणि मंजूर पदं त्या वेगाने वाढली नाहीत. मग ऐवजदार रोजच हजेरीला. कोणाच्या ऐवजी, हे जमादारालाही सांगता येऊ नये. वीस-वीस वर्षं रोज कामावर येणाऱ्या माणसाला बदली म्हणणं ही सोय होती, दुसरं काही नाही. त्यामुळे युनियननेही पगाराच्या आधी 'कायम करा' हे धरलं.

कायदा तसा कामगाराच्या बाजूने होता. राज्याच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात, कायमपणाचे लाभ नाकारण्यासाठी एखाद्याला वर्षानुवर्षं बदली किंवा हंगामी ठेवणं ही अनुचित प्रथा ठरवली आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हंगामी कर्मचाऱ्यांना कायम होण्याचा आपोआप हक्क नाही असं म्हटलं आणि देशभरच्या प्रशासनांच्या हाती आयतं कारण आलं. २००९ मध्ये, एसटीच्या गाड्या साफ करणाऱ्यांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने सांगितलं की आधीच्या निकालाने, १९७१ च्या कायद्याखाली कामगाराला कायम करण्याचा आदेश द्यायचे औद्योगिक न्यायालयाचे अधिकार संपलेले नाहीत. हा दुसरा निकाल फारसा कोणी काढत नाही.

दरम्यान २००८ पासून घरोघरचा कचरा उचलायचं काम ठेकेदाराकडे गेलं. त्या गाड्यांवरची पोरं ना कायम, ना ऐवजदार.

२०१९ मध्ये चार हजारांहून जास्त ऐवजदारांना कायम करण्याचा निर्णय झाला. गुलाल उधळण्यासारखीच गोष्ट. पण पदं दिली ती 'अधिसंख्य'. म्हणजे माणूस निवृत्त झाला की पदही संपलं. शिवाय १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. मग त्याआधी ऐवजदार म्हणून झाडलेली वर्षं धरायची की नाही? आणि सफाई कामगारांच्या प्रश्नांसाठी राज्याने नेमलेल्या लाड समितीच्या शिफारशींमुळे १९७५ पासून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क आहे. पदच उरणार नसेल, तर त्या वारसाने कोणाच्या जागी उभं राहायचं?