मीटर लाल करायची गरज नाही

घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: ‘मीटर लाल व्हायला येईपर्यंत गेन वाढव, नाहीतर आवाज पातळ येतो.’ गेन म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण. हा सल्ला टेपच्या काळातला आहे. टेपला स्वतःची खरखर असायची, म्हणून आवाज तिच्या बराच वर ठेवावा लागे. थोडा जास्त झाला तरी टेप सांभाळून घेई.

२४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये ती अडचण उरलेली नाही. १६ बिटचा आवाका (सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर) साधारण ९६ डेसिबल, २४ बिटचा कागदोपत्री १४४. खोलीतल्या पंख्याची घरघरच त्या तळाच्या कितीतरी वर असते! मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा; सरासरी उणे १८ डेसिबल आणि सर्वांत मोठा आवाज उणे १०च्या आसपास ठेवा. नंतर रीपर किंवा ऑडॅसिटीसारख्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये गेन वाढवला की झालं.

शून्यावर आदळलेला तार षड्ज मात्र गेलाच. वेव्हफॉर्म झूम करून पाहा, लहरीचा माथा कापल्यासारखा सपाट दिसेल. डी-क्लिप हे दुरुस्तीचं टूल तो माथा अंदाजानेच भरतं. त्यामुळे गाण्यातली सर्वांत जोरकस जागा गाऊन गेन लावा आणि वर थोडी जागा सोडा. खऱ्या टेकला गायक बहुतेक वेळा जास्तच मोकळा गातो.